आज सतरावा दिवस

नागासाकीतले ओउरा चर्च ज्या २६ हुतात्म्यांच्या नावाने उभे आहे, त्यांना ५ फेब्रुवारी १५९७ रोजी त्याच शहरात क्रुसावर मारण्यात आले. त्यांतले एक आपल्या वसईचे गोन्सालो गार्सिया. १७ मार्च १८६५ रोजी दुपारी या चर्चच्या दाराशी उराकामी गावची बारा-पंधरा माणसे येऊन थांबली. पुढे काय झाले ते फ्रेंच धर्मगुरू बेर्नार प्तिजाँ यांनी पत्राने वरिष्ठांना कळवले. एका बाईने हळूच सांगितले, की आमचे अंतःकरण तुमच्यासारखेच आहे. मग मारियेची मूर्ती कुठे आहे, असे विचारले. हा प्रसंग प्रवचनांतून इतका गाजला, की एका कोरड्या तपशिलाकडे सहसा लक्ष जात नाही. ते लोक म्हणाले होते : आमचा दुःखाचा काळ चालू आहे, आज सतरावा दिवस.

दुःखाचा काळ म्हणजे ईस्टरआधीचा प्रायश्चित्तकाळ. तो राखेच्या बुधवारी सुरू होतो, म्हणून हे पडताळून पाहता येते. १८६५ साली ईस्टर १६ एप्रिलला होता, म्हणजे राखेचा बुधवार १ मार्चला. तिथून मोजत आले, की १७ मार्च हा प्रायश्चित्तकाळाचा सतरावाच दिवस. जपानमध्ये ख्रिस्ती धर्मावर बंदी होती, आणि तिथे उरलेले शेवटचे धर्मगुरू कोनिशी मान्शो १६४४ मध्ये मारले गेले होते. त्यानंतर सुमारे २२० वर्षे पापनिवेदन ऐकायला कुणी नव्हते, मिस्सा नव्हती, आणि तरी हिशेब चुकला नाही.

तो सांभाळायला गावात माणसे नेमलेली असत. एकाकडे सणवारांची वही, दुसऱ्याकडे बाप्तिस्मा, तिसरा घरोघर निरोप पोहोचवणारा. सात पिढ्यांनी धर्मगुरू परत येतील, अशी भविष्यवाणीही सांगतात. ती तोंडी परंपरा आहे आणि मला जरा जास्तच नेमकी वाटते. माझा विश्वास वहीवर अधिक.

सरकारी दप्तर उघडले, तर ही माणसे बौद्ध दिसतात. प्रत्येक घराची नोंद कुठल्या तरी मंदिरात, आणि नागासाकीत दरवर्षी येशूच्या किंवा मारियेच्या प्रतिमेवर पाय ठेवून दाखवण्याची सक्ती. अधिकाऱ्यांनाही फार खोलात शिरायचे नसे. १८०५ मध्ये आमाकुसा बेटांवर पाच हजारांहून अधिक लोक चौकशीत सापडले. त्यांना ख्रिस्ती न ठरवता, चुकीच्या समजुतीने वेगळ्या रीती पाळणारे ठरवून सोडून दिले.

पण प्रतिमेवर पाय ठेवून घरी परतलेल्या माणसाचे काय? इथे १६०३ च्या एका छोट्या पुस्तकाचा धागा मिळतो. धर्मगुरू जवळ नसला, तर मनापासून केलेला पश्चात्ताप आणि पुढे संधी मिळताच पापनिवेदन करण्याचा निश्चय एवढ्यावर क्षमा मिळते, असे ते शिकवते. मूळ छापील प्रत उरलेली नाही. उरल्या त्या हाताने उतरवलेल्या नकला. मजकूर लपवणे जिवावर बेतणारे असताना लोक नेमके हेच पुन्हा पुन्हा उतरवत राहिले. माझ्या मते ते टिकले ते न डगमगल्यामुळे नव्हे. डगमगल्यावर परतायची वाट त्यांच्याकडे लेखी होती.

प्तिजाँ यांनी १८६९ मध्ये हा मजकूर पुन्हा छापला. बंदी तेव्हाही उठलेली नव्हती. उराकामीच्या सुमारे ३,४०० लोकांची त्याच सुमारास दूरदूरच्या प्रांतांत हद्दपारी चालली होती. त्यांतले सहाशेंहून अधिक तिकडेच मेले. छळापुढे अनेकांनी धर्म सोडल्याचे लिहून दिले. बाकीचे १८७३ मध्ये बंदीचे फलक उतरल्यावर गावी परतले.