लंडनचे घड्याळ आणि रनाळ्याची सायंकाळ : ‘बीबीसी वर्ल्ड’च्या वेळापत्रकातील बदल

‘बीबीसी वर्ल्ड’, पुढे ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’ आणि एप्रिल २०२३ पासून केवळ ‘बीबीसी न्यूज’ अशी नावे घेत आलेली ब्रिटिश वृत्तवाहिनी भारतात १९९१ पासून दिसते आहे. या काळात तिचे वेळापत्रक अनेकदा बदलले. काही बदल ठरलेल्या दिवशी, वर्षातून दोनदा होतात. काही उपग्रहाच्या व्यवहारातून झाले, तर काही निव्वळ पैशाच्या ओढाताणीतून. नंदुरबार-दोंडाईचा मार्गावरील रनाळ्यासारख्या गावातील प्रेक्षकाला मात्र या सर्वांचा अनुभव एकाच रूपात येतो : काल या वेळेला लागणारा कार्यक्रम आज लागत नाही.

प्रथम अर्ध्या तासाचा प्रश्न. चोवीस तास चालणाऱ्या वृत्तवाहिनीचा दिवस अर्ध्या-अर्ध्या तासांच्या अठ्ठेचाळीस तुकड्यांत विभागलेला असतो. घड्याळात तास पूर्ण झाला की ताज्या बातम्या आणि त्यानंतरच्या अर्ध्या तासात मुलाखत, अर्थविषयक वृत्त, प्रवास वा माहितीपट, हा बीबीसीचा जुना रिवाज. भारतीय प्रमाणवेळ ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे असल्याने लंडनला तास पूर्ण होतो तेव्हा येथे साडेसात, साडेआठ वाजलेले असतात. म्हणजे बातम्या नेहमी ‘साडे’ला आणि मुलाखती पूर्ण तासाला. आकाशवाणीच्या पुणे केंद्रावरील सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या किंवा ‘सह्याद्री’वरील सायंकाळी सातच्या बातम्या यांवर दिनक्रम बेतलेल्या घरांना हे उलटे वाटणे साहजिक होते.

यात एक गंमत आहे. भारतीय प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरून, म्हणजे अलाहाबादजवळून मोजली जाते. रनाळ्याचा परिसर सुमारे सव्वाचौऱ्याहत्तर ते साडेचौऱ्याहत्तर अंशांच्या दरम्यान येतो. दर अंशाला चार मिनिटे या हिशेबाने तेथील सूर्य प्रमाणवेळेपेक्षा जवळपास बत्तीस मिनिटे मागे आहे. त्यामुळे लंडनमध्ये हिवाळ्यात तास पूर्ण होतो, तेव्हा रनाळ्याच्या सूर्याप्रमाणेही तास जवळजवळ पूर्ण होत आलेला असतो. अर्धा तास घुसला तो १ जानेवारी १९०६ रोजी लागू झालेल्या प्रमाणवेळेमुळे. मुंबईने तर ही वेळ सहजासहजी स्वीकारली नाही. प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे चालणारी ‘मुंबई वेळ’ शहरात १९५५ पर्यंत टिकून होती.

दुसरा बदल ऋतूचा. मार्चच्या शेवटच्या रविवारी ब्रिटन आपली घड्याळे एक तास पुढे करते आणि ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी पुन्हा मागे घेते. भारतात तसे होत नाही. येथे घड्याळ पुढे केले गेले ते दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ ते १९४५ या वर्षांत. त्यामुळे लंडनमध्ये दुपारी दोनला सुरू होणारा कार्यक्रम रनाळ्यात हिवाळ्याचे पाच महिने सायंकाळी साडेसातला आणि उरलेले सात महिने साडेसहाला दिसतो. ब्रिटनमधील बदल ग्रिनिच वेळेनुसार रात्री एक वाजता, म्हणजे भारतात रविवारी सकाळी साडेसहाला घडतो. येथे तो कोणालाच जाणवत नाही. जाणवतो सोमवारी, ठरलेल्या वेळी भलताच कार्यक्रम पाहिल्यावर.

अशा वेळी वाहिनीपुढे दोन वाटा असतात. लंडनमधील वृत्तकक्षाच्या पाळ्या आहेत तशा ठेवायच्या आणि जगभरच्या प्रेक्षकांनी आपली वेळ बदलायची, ही पहिली. प्रेक्षकाची सकाळ जपायची आणि पाळ्या बदलायच्या, ही दुसरी. आशियासाठी मुद्दाम आखलेल्या सकाळच्या कार्यक्रमांना दुसरी वाट अधिक सोयीची, कारण सिंगापूर वा दिल्लीतील माणूस कामावर निघण्यापूर्वीच बातम्या पाहतो. लंडनच्या दिवसाशी बांधलेल्या कार्यक्रमांना पहिली वाट सोपी पडते. दोन्ही प्रकार एकाच वाहिनीवर असल्याने वर्षातून दोनदा काही तुकडे जागचे हलतात, काही हलत नाहीत आणि मधल्या फटी पुनःप्रक्षेपणांनी भरल्या जातात.

अमेरिकी वाहिन्यांचा घोळ याहून मोठा आहे. अमेरिकेत २००७ पासून घड्याळ मार्चच्या दुसऱ्या रविवारी पुढे आणि नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारी मागे जाते. परिणामी मार्चमध्ये दोन-तीन आठवडे आणि शरदात एक आठवडा लंडन व न्यूयॉर्क यांतील अंतरच बदललेले असते. ज्या घरात ‘सीएनएन’ आणि बीबीसी दोन्ही पाहिल्या जातात, तेथे या काळात दोन्हींच्या वेळा वेगवेगळ्या दिवशी सरकतात. कतारमधील दोहा आणि जपानमधील टोकियो येथे घड्याळ हलवले जात नाही. ‘अल जझीरा’ आणि ‘एनएचके वर्ल्ड’ यांच्या प्रेक्षकांना त्यामुळे हा त्रास फारसा नाही.

बीबीसीची दूरचित्रवाणी भारतात आली ती हाँगकाँगच्या ‘स्टार टीव्ही’च्या खांद्यावरून. ‘स्टार’चे प्रक्षेपण ज्या ‘एशियासॅट-१’ उपग्रहावरून होई, त्याची कथाही ऐकण्यासारखी आहे. ‘वेस्टार-६’ या नावाने तो फेब्रुवारी १९८४ मध्ये अवकाशात गेला, चुकीच्या कक्षेत अडकला, त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये ‘डिस्कव्हरी’ यानाने त्याला पृथ्वीवर परत आणले आणि एप्रिल १९९० मध्ये चिनी अग्निबाणाने तो पुन्हा सोडण्यात आला. त्याचे दोन झोत होते, उत्तरेकडचा चीनसाठी आणि दक्षिणेकडचा भारतासह दक्षिण आशियासाठी. रूपर्ट मर्डोक यांनी १९९३ मध्ये ‘स्टार’वर ताबा मिळवला. एप्रिल १९९४ मध्ये उत्तर झोतावरून बीबीसी काढून टाकण्यात आली. चिनी सरकारची नाराजी हे त्याचे कारण मानले गेले. दक्षिण झोतावर वाहिनी तशीच राहिली, म्हणून भारतातील पडद्यावर तेव्हा काहीच बदलले नाही. वेळापत्रकातील सर्वांत मोठा बदल म्हणजे वाहिनीच नाहीशी होणे. तो भारताच्या वाट्याला आला नाही, याचे श्रेय उपग्रहाला दोन झोत होते याला द्यावे लागेल.

जानेवारी १९९५ मध्ये बीबीसीने आपली आंतरराष्ट्रीय सेवा दोन भागांत विभागली : बातम्यांसाठी ‘वर्ल्ड’ आणि मनोरंजनासाठी ‘प्राइम’. ‘वर्ल्ड’चा खर्च ब्रिटनमधील परवाना शुल्कातून नव्हे, तर जाहिराती आणि वर्गणी यांतून भागवायचा होता. भारतीय जाहिरातदार मिळू लागले तसे दक्षिण आशियासाठी वेगळे तुकडे काढले गेले. ‘मास्टरमाइंड इंडिया’, ‘क्वेश्चन टाइम इंडिया’, ‘इंडिया बिझनेस रिपोर्ट’ हे त्यांतले ठळक. मूळ ‘हार्डटॉक’ हा टिम सेबॅस्टियन यांचा कार्यक्रम मार्च १९९७ मध्ये सुरू झाला. त्याची भारतीय आवृत्ती करण थापर यांनी केली. तीत जयललिता यांची २००४ मधील मुलाखत विशेष गाजली. सायंकाळच्या सोयीच्या वेळा या कार्यक्रमांना मिळत, ही त्या काळाची खरी कमाई होती. जाहिरात आटली की असे तुकडे प्रथम जातात, हेही पुढे दिसले.

मोठी घटना घडली की छापील वेळापत्रकाला अर्थ उरत नाही. ११ सप्टेंबर २००१ रोजी न्यूयॉर्कमधील मनोऱ्यावर पहिले विमान आदळले तेव्हा भारतात सायंकाळचे सव्वासहा वाजले होते. त्या रात्रीचे नियोजित कार्यक्रम बाजूला पडले आणि जगभरच्या सर्वच वृत्तवाहिन्यांवर अखंड बातमीपत्र चालले. अशा प्रसंगी प्रादेशिक तुकडेही गळतात आणि सर्व खंडांना एकच चित्र दिसते.

खेड्यातील प्रेक्षकाच्या बाबतीत लंडन आणि पडदा यांच्या मध्ये आणखी दोघेजण उभे होते, केबलचालक आणि वीज. जुन्या केबलवर मोजक्याच वाहिन्या मावत. इंग्रजी बातम्यांना मागणी कमी असल्याने त्यांची जागा दुसऱ्या वाहिनीला देणे चालकाला परवडे. ज्या भागात घरी अहिराणी किंवा भिली बोलली जाते, तेथे हे अस्वाभाविकही नव्हते. त्यातच २००५ नंतरच्या काही वर्षांत ग्रामीण महाराष्ट्रात दीर्घ भारनियमन होते. कार्यक्रम एक तास सरकला आणि तो नेमका वीज नसलेल्या वेळेत गेला, तर तो बंद झाल्यासारखाच. ग्रामीण भागासाठी केबल अंकीय करण्याची अंतिम मुदत ३१ मार्च २०१७ होती. त्यानंतर जागेची अडचण संपली. फेब्रुवारी २०१९ पासून दूरसंचार नियामक प्राधिकरणाच्या नव्या नियमांनी सशुल्क वाहिन्या ग्राहकाने स्वतः निवडायच्या ठरल्या. चालकाच्या मर्जीऐवजी घरातल्या माणसाने यादीवर खूण करण्याला महत्त्व आले.

एप्रिल २००८ मध्ये वाहिनीचे नाव ‘बीबीसी वर्ल्ड न्यूज’ झाले. जून २०११ मध्ये सिंगापूर व लंडन येथून एकत्र सादर होणारा ‘न्यूजडे’ सुरू झाला आणि आशियाची सकाळ प्रथमच अर्धी तरी आशियातून बोलू लागली. यानंतरचा काळ कपातीचा. जुलै २०२२ मध्ये जाहीर झालेल्या निर्णयानुसार ब्रिटनमधील ‘बीबीसी न्यूज’ आणि ही वाहिनी ३ एप्रिल २०२३ रोजी एकत्र करण्यात आल्या. ब्रिटनपुरती महत्त्वाची बातमी असेल तेव्हा देशातील आणि बाहेरील प्रक्षेपण वेगळे करण्याची सोय ठेवली गेली, पण मूळ सांगाडा एकच झाला. लंडनमधील वृत्तकक्षासाठी ही काटकसर. बाहेरच्या प्रेक्षकाच्या दृष्टीने मात्र त्याच्यासाठी स्वतंत्र विचार करणारा विभाग कमी झाला. २०२४ च्या ऑक्टोबरमध्ये ‘हार्डटॉक’ बंद करण्याची घोषणा झाली आणि मार्च २०२५ मध्ये तो कार्यक्रम संपला. जगभरच्या वेळा साधण्यासाठी दिवसातून अनेकदा दाखवला जाणारा हा कार्यक्रम वेळापत्रकाचा एक खांबच होता.

मराठीचा इतिहास याला समांतर आहे. बीबीसीची मराठी नभोवाणी सेवा दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ मध्ये सुरू झाली आणि १९५८ मध्ये बंद पडली. २ ऑक्टोबर २०१७ रोजी ‘बीबीसी मराठी’ पुन्हा सुरू झाली ती महाजालावर, गुजराती, पंजाबी व तेलुगू सेवांसोबत. ‘बीबीसी विश्व’ हे तिचे सायंकाळचे बातमीपत्र भ्रमणध्वनीवर आले. ते भारतीय घड्याळाप्रमाणे ठरवलेले असल्याने ब्रिटनच्या उन्हाळ्याशी त्याचा संबंध नव्हता. परकीय गुंतवणुकीच्या २६ टक्के मर्यादेमुळे एप्रिल २०२४ पासून बीबीसीच्या भारतीय भाषांतील सेवांचे काम ‘कलेक्टिव्ह न्यूजरूम’ या भारतीय कंपनीकडे गेले.