परभणी जिल्हा : वृद्धांचे श्रवण आणि स्मृतिभ्रंश

सुश्रुतसंहितेच्या उत्तरतंत्रात कानाचे 28 रोग सांगितले असून त्यांत बाधिर्य, म्हणजे ऐकू न येणे, स्वतंत्रपणे मोजले आहे. परंतु उतारवयातील बहिरेपणा आणि स्मृतिभ्रंश, म्हणजे मेंदूच्या विकारामुळे स्मरण, विचार व नित्यव्यवहार ढासळत जाणे, यांचा एकत्र विचार अगदी अलीकडचा आहे. लोकव्यवहारात पहिल्याला वयाचा धर्म आणि दुसऱ्याला म्हातारचळ म्हणून सोडून देण्यात आले, आणि दोन्ही व्याधी एकाच माणसात आल्या म्हणजे न ऐकलेले आणि विसरलेले यांतील भेद घरच्यांनाही कळेनासा होई.

परभणी जिल्हा सप्टेंबर 1948 पर्यंत हैदराबाद संस्थानात होता, 1956 मध्ये मुंबई राज्यात व 1960 मध्ये महाराष्ट्रात आला, आणि त्यानंतर थोड्याच वर्षांनी, 1966 मध्ये, मुंबईच्या नायर रुग्णालयात श्रवणचिकित्सेचे, म्हणजे श्रवणदोष मोजून यंत्र बसवण्याच्या शास्त्राचे, शिक्षण सुरू झाले. वांद्र्यात 1983 मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय श्रवण संस्थेला ज्या अली यावर जंग यांचे नाव आहे, ते मूळचे हैदराबादचे, उस्मानिया विद्यापीठाचे कुलगुरू आणि पुढे महाराष्ट्राचे राज्यपाल होते. जुन्या संस्थानी मुलखाशी असलेला हा धागा मोलाचा असला, तरी हे ज्ञान रुजले ते परभणीपासून फार दूर, मुंबईत.

खेड्यांसाठी मार्ग खुला झाला तो योजनांमुळे : अपंगांना साहित्य देणारी केंद्राची योजना 1981 ची, गरीब ज्येष्ठांसाठीची राष्ट्रीय वयोश्री योजना 2017 ची, तर 65 वर्षांवरील पात्र व्यक्तींना श्रवणयंत्रासारख्या साधनांसाठी 3,000 रुपये देणारी राज्याची मुख्यमंत्री वयोश्री योजना 2024 ची. या योजनांचा भर साधन हाती देण्यावर आहे, आणि स्मृतिभ्रंशाच्या रुग्णाबाबत खरे काम तेथूनच पुढे सुरू होते. कारण यंत्र कशासाठी आहे हेच तो विसरतो, ते काढून कोठेतरी ठेवतो, आणि म्हणून ते रोज ठरल्या वेळी कानात घालणे, बॅटरी व मळ पाहणे, दूरदर्शनचा आवाज बंद करून समोर बसून छोट्या वाक्यांत बोलणे, हे सारे सून, मुलगा किंवा जोडीदार यांना शिकवावे लागते.

‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकाच्या आयोगाने 2017 मध्ये श्रवणऱ्हास हा स्मृतिभ्रंशाचा टाळता येण्याजोगा मोठा धोका ठरवला. अमेरिकेत 977 वृद्धांवर झालेल्या आणि 2023 मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत श्रवणोपचाराचा लाभ सर्वांना सारखा दिसला नाही. मात्र ज्यांना धोका अधिक होता त्यांची बौद्धिक घसरण तीन वर्षांत 48 टक्क्यांनी मंदावली. भारतात साठीवरील 7.4 टक्के लोकांना स्मृतिभ्रंश असल्याचा अंदाज आहे, आणि त्याच्या निदानाच्या चाचण्या बहुतेक तोंडी प्रश्नांच्या असल्याने न ऐकणारा वृद्ध त्यांत विसराळू ठरू शकतो. परभणीत 2023 पासून शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे. विसरण्याची तक्रार घेऊन तेथे येणाऱ्या प्रत्येक वृद्धाचे कान आधी तपासले जावेत आणि स्मृतीची परीक्षा त्यानंतरच घेतली जावी.