‘फिन’ म्हणजे नेमकं काय? मुशीच्या परापासून बाइकच्या इंजिनापर्यंत

माशाला पोहायला आणि तोल सांभाळायला मदत करणाऱ्या अवयवाला इंग्रजीत फिन म्हणतात, मराठीत पर. शेपटीचा पर माशाला पुढे ढकलतो, पाठीवरचा त्याला कलंडू देत नाही. विमानाच्या शेपटीवरचा उभा भागही फिनच. मालवणला स्कुबा डायव्हिंग करताना पायात घालतात, तेही फिन्स.

हा शब्द बातम्यांत येतो तो मात्र बहुतेकदा मुशीमुळे, म्हणजे शार्कमुळे. चीनमध्ये तिच्या परांचं सूप प्रतिष्ठेचं मानलं जातं. परांना भाव जास्त, मांसाला कमी. म्हणून पर कापून मुशी जिवंतच समुद्रात फेकली जाते. तिला पोहता येत नाही आणि ती तळाशी जाऊन मरते. भारताने २०१३ मध्ये या प्रकारावर आणि २०१५ मध्ये मुशीच्या परांच्या निर्यातीवर बंदी घातली.

बाइकच्या इंजिनावरच्या पट्ट्या, म्हणजे कूलिंग फिन्स, हवेशी संपर्क वाढवून उष्णता बाहेर टाकतात. त्यांच्यात चिखल साचला तर इंजिन जास्त तापतं. गाडी धुताना तिथेही ब्रश फिरवा!

फिनलंडच्या ‘फिन’ लोकांचा यातल्या कशाशीच संबंध नाही. ‘फिनटेक’मधला फिन आला फायनान्सवरून, आणि त्याचं मूळ ‘शेवट’ या अर्थाच्या फ्रेंच शब्दात आहे. जुन्या फ्रेंच सिनेमांच्या अखेरीस पडद्यावर झळकतो तोच हा शब्द. उच्चार मात्र ‘फँ’.