ग्रीनस्टेडच्या काष्ठभिंती

इंग्लंडांतील एसेक्स परगण्यांत ग्रीनस्टेड गांवीं सेंट अँड्र्यूचें लहानसें चर्च आहे. मुख्य दालनाच्या भिंती ओकचे ओंडके उभे चिरून, एकास एक लावून रचिल्या आहेत. गोल पाठ बाहेर, सपाट अंग आंत. इ. स. १०१३ मध्यें एडमंड राजाचें शव बरी येथें परत नेतांना ऑंगरजवळ मुक्काम झाला व त्याच्या स्मरणार्थ तेथें लांकडी देवालय अद्याप आहे, असें बरीच्या मठांतील जुनी पोथी सांगते. तें हेंच, असें विद्वानांनीं मानिलें. परंतु १९९५ सालीं ओंडक्यांचीं वर्षवलयें मोजतां वृक्षतोड १०५३ नंतरची ठरली.

मग पोथी खोटी काय? आमच्या मतें नाहीं. पोथीकारानें पाहिलेलें लांकूड मुक्कामानंतरचें असेल. स्थान मात्र प्राचीन. १९६० सालीं गर्भागाराखालीं खणतांना याहूनहि जुन्या लांकडी बांधकामांच्या खुणा सांपडल्या. जीर्णोद्धारानें वास्तु पालटते, स्थानमाहात्म्य टिकतें, हें आपल्या क्षेत्रस्थळांच्या अभ्यासकांस नवें नाहीं.

१८४८ च्या सुमाराच्या दुरुस्तींत ओंडक्यांचीं कुजलेलीं बुडें कापून खालीं विटांचें जोतें घातलें. इमारत वांचली, पण जमिनीलगतचा जो भाग संशोधकास हवा होता, तोच गेला.