मोटारीच्या छताचें अस्तर

हार्बर मार्गावर पनवेलच्या अलीकडचें स्टेशन तें खांदेश्वर. महादेवाच्या ज्या देवळावरून हें नांव पडलें तें देऊळ व त्याजवळचें तळें आज नव्या पनवेलच्या इमारतींनीं वेढलेलें आहे. या वसाहतींत राहणारे आमचे एक स्नेही आपल्या वडिलांची प्रीमियर पद्मिनी मोटार अद्याप बाळगून आहेत. गेल्या पावसाळ्याच्या अखेरीस तिच्या छताचें अस्तर मधोमध सुटून लोंबूं लागलें आणि मागें बसणाराच्या डोक्यास घासूं लागलें. एका दुरुस्तीवाल्यानें सांगितलें, "हें फाडून टाका आणि फोमचें कापड सरळ पत्र्याला चिकटवा, दोन तासांचें काम." दुसरा म्हणाला, "या गाडीवर पैसा कशाला घालतां? भंगारांत द्या." स्नेह्यांचें मन दोहोंकडेहि वळेना. त्यांनीं आमचा सल्ला विचारला, आणि अस्तरासारखी क्षुद्र वस्तु मोटारींत आली कोठून व कशासाठीं, याचा शोध घेणें आम्हांस प्राप्त झालें.

वाचकांस प्रथम हें सांगितलें पाहिजे कीं, आरंभींच्या बहुतेक मोटारींना अस्तर नव्हतें, कारण कायमचें छतच नव्हतें. घोडा सोडलेली बग्गी ती मोटार, असाच तो प्रकार होता. ऊन-पाऊस आला म्हणजे व्हिक्टोरियाच्या टपासारखा दुमडता टप वर ओढीत. मुंबईंत १९११ सालीं टॅक्सी सुरू झाल्या तेव्हां मोटारींचा काळ हाच होता. बंद पेटीची मोटार फार महाग पडे. अमेरिकेंतसुद्धां १९१९ सालीं विकल्या जाणाऱ्या मोटारींत बंद मोटारी शेंकडा १० च्या आसपास होत्या. पुढें किंमती उतरल्या आणि १९२७ पर्यंत तेंच प्रमाण शेंकडा ८५ च्या घरांत गेलें.

या बंद मोटारी बांधण्याची विद्या बग्गी बांधणाऱ्या कारागिरांकडूनच आली. लांकडाचा सांगाडा, त्याच्या माथ्यावर पाणी न झिरपणारें कापड, आणि आंतून फासळ्या झाकण्यासाठीं लोकरी अस्तर, ही त्यांची रीत होती. छत पुरें झाकील एवढा रुंद अखंड पत्रा दाबून काढणें तेव्हां सोपें नव्हतें. १९३५ च्या मोटारींसाठीं जनरल मोटर्स या अमेरिकन कंपनीनें अखंड पोलादी छत प्रचारांत आणलें. आतां झांकावयास लांकडी फासळ्या उरल्या नाहींत. तरीहि अस्तर गेलें नाहीं. पत्रा उन्हांत तापतो, पावसांत ताशासारखा वाजतो, आणि गारव्यानें त्याला आंतून घाम फुटतो. या तिन्ही त्रासांतून बसणारास वांचविण्याचें काम अस्तराकडे आलें.

तें बसविण्याची जुनी युक्ति कोणाहि गृहिणीला तत्काळ समजेल. परकराच्या नाडीसाठीं शिवतात तसे नेफे कापडाच्या उलट बाजूस आडवे शिवावयाचे. प्रत्येक नेफ्यांतून कमानदार पोलादी सळई ओवून तिचीं दोन टोकें छताच्या कडांना अडकवावयाचीं. मग कापड चोहोंकडून ताणून कडा चिकटवावयाच्या व रबराखालीं दाबावयाच्या. मधल्या भागास सरसाचा थेंबहि लागत नाहीं. सारा भार शिवणीवर.

वालचंद हिराचंद यांनीं १९४४ सालीं प्रीमियर ऑटोमोबाइल्स ही कंपनी स्थापिली व तिच्या कुर्ल्याच्या कारखान्यांतून १९४७ सालीं पहिली मोटार बाहेर पडली. पुढें इटलीच्या फियाट कंपनीशीं संबंध जुळला आणि फियाट ११०० ही मध्यमवर्गाची मोटार ठरली. तिलाच १९७४ पासून पद्मिनी म्हणूं लागले. आमच्या स्नेह्यांच्या मोटारींतील अस्तर या जुन्या, सळयांवर ताणलेल्या जातीचें आहे.

त्यानंतरच्या मोटारींत निराळी पद्धति रूढ झाली. सांच्यांत दाबलेल्या फळीवर फोमची पाठ असलेलें कापड कारखान्यांतच चिकटवितात आणि ती फळी एक माणूस कांहीं मिनिटांत बसवितो. शिंप्याची गरज उरली नाहीं. परंतु हा फोम पॉलियुरेथेनचा असतो आणि उष्णता व ओल यांनीं तो कालांतरानें विघटित होतो. त्याचा भुगा झाला म्हणजे कापडाला धरून ठेवणारें कांहींच राहत नाहीं. कोंकणच्या दमट हवेंत उघड्यावर उभ्या असलेल्या मोटारीला ही पाळी लवकर येते. अशा वेळीं जुन्या भुग्यावरच नवा सरस फांसला तर कापड थोडक्याच दिवसांत पुन्हा सुटतें. फळी बाहेर काढून भुग्याचा शेवटचा कणहि घासून काढणें, हाच उपाय.

दुसऱ्या दुरुस्तीवाल्याच्या भंगाराच्या सल्ल्याचें मूळहि शोधण्याजोगें आहे. मुंबईंतील शेवटची पद्मिनी टॅक्सी २९ ऑक्टोबर २००३ रोजीं नोंदली गेली. टॅक्सीला वीस वर्षांची मर्यादा असल्यामुळें ३० ऑक्टोबर २०२३ पासून हा प्रकार टॅक्सी म्हणून रस्त्यावर राहिला नाहीं. त्याआधीं, २०१५ सालीं, 'टॅक्सी फॅब्रिक' या उपक्रमांत तरुण चित्रकारांनीं टॅक्सींच्या बैठका व छतें यांसाठीं खास कापडें रेखाटलीं होतीं, आणि उतारू मान वर करून छत पाहूं लागले होते. परंतु टॅक्सीचा नियम तो खाजगी मोटारीचा नव्हे. पंधरा वर्षांनंतर मोटारीची तपासणी करून घेऊन दर पांच वर्षांनीं नोंदणी वाढवितां येते. सबब भंगाराची घाई करण्याचें कारण नव्हतें.

आम्हीं स्नेह्यांस सांगितलें तें इतकेंच: जें शिवलेलें आहे तें शिवूनच घ्या. असा कारागीर मिळण्यास पुष्कळ हिंडावें लागलें. अखेर बैठकांच्या गाद्या शिवणारा एक वृद्ध कारागीर भेटला. त्यानें कांहींच फाडलें नाहीं. सळया एकसारख्या नसतात, प्रत्येकीची लांबी व बांक निराळा असतो. म्हणून काढतांनाच त्यानें प्रत्येकीवर खडूनें आंकडा घातला. गंजलेल्या जागा घासून रंगविल्या. जुनें अस्तर शिवणींवर उसवून जमिनीवर पसरलें आणि त्यावरून नवें बेतलें. मागच्या कांचेजवळच्या तुकड्यावर स्नेह्यांच्या मातोश्रींनीं फार वर्षांपूर्वीं हातानें लावलेलें एक ठिगळ होतें. दोन तासांच्या कामांत तें प्रथम कचऱ्यांत गेलें असतें.

काम होण्यास दोन दिवस लागले व मजुरी पहिल्या सल्ल्याच्या दुपटीहून अधिक पडली, हेंहि नमूद करणें प्रामाणिकपणाचें होईल. नवें अस्तर कधींतरी पुन्हा सैल पडेलच. कारागिरानें जुने तुकडे क्रमानें गुंडाळून मोटारीच्या डिकींत ठेवावयास सांगितले. पुढें ज्याच्या हातीं हें काम येईल त्याला बेतावयास उपयोगी पडतील म्हणून. ठिगळाचा तुकडा स्नेही घरीं ठेवणार होते. परंतु बेत अपुरा राहील असें कारागीर म्हणाला, तेव्हां त्यांनीं तोहि गुंडाळींत घातला.