‘शेनॅनिगन’ : एका लबाड शब्दाचा माग

१/ इंग्रजी बोलीत ‘शेनॅनिगन्स’ हा शब्द वारंवार भेटतो. लबाडी, छुपे डावपेच, उचापती अशा अर्थच्छटा त्यात सामावल्या आहेत. हा शब्द आला कोठून? आजचा धागा त्याविषयी.

२/ त्याची सर्वांत जुनी ज्ञात लिखित नोंद १८५५ ची, सॅन फ्रान्सिस्कोमधली. तेथे तो एकवचनी आहे आणि त्याचा रोख फसवणुकीकडे आहे.

३/ स्थळकाळ लक्षात घ्या. जानेवारी १८४८ मध्ये कॅलिफोर्नियात कोलोमा येथे सोने सापडले. पुढील काही वर्षांत सुमारे ३ लाख माणसे तेथे लोटली : आयरिश, जर्मन, मेक्सिकन, चिली व चीनमधले लोक. कोणी कोणाला ओळखत नव्हते.

४/ अशा ठिकाणी लबाडीला ऊत येणारच. निकामी खाणीत बंदुकीतून सोन्याचे कण उडवायचे आणि ‘समृद्ध’ म्हणून ती नवख्याच्या गळ्यात मारायची, ही त्यांतली एक प्रसिद्ध युक्ती.

५/ व्युत्पत्ती मात्र तीन सांगितल्या जातात. एक, ‘कोल्ह्यासारखे वागणे’ या अर्थाचे आयरिश क्रियापद. दोन, ‘फसवणूक’ या अर्थाचा स्पॅनिश ‘चानादा’. तीन, जर्मन बोलीतला कष्टाच्या कामाविषयीचा एक शब्द.

६/ या तिन्ही भाषांचे लोक त्या गर्दीत होते, म्हणून तिन्ही मते संभाव्य वाटतात. परंतु मूळ शब्दापासून ‘शेनॅनिगन’पर्यंतची मधली पायरी दाखवणारा लिखित पुरावा एकाही मतामागे नाही. कोशकार म्हणूनच ‘व्युत्पत्ती अनिश्चित’ असे नोंदवतात. कोल्ह्याची कथा अधिक रंजक आहे. पण रंजकता हा पुरावा नव्हे.

७/ पहिली नोंद म्हणजे शब्दाचा जन्मही नव्हे. बोलीतले शब्द कागदावर येण्याआधी तोंडोतोंडी वावरलेले असतात.

८/ पुढे शब्द अनेकवचनी रूढ झाला आणि सौम्यही. आज मुलांच्या खोड्यांना तो लागतो, तसाच कंपन्यांच्या हिशेबातील फेरफारांनाही. येथे सावध राहावे : गुन्ह्याला ‘उचापती’ म्हटले की त्याची धार बोथट होते.

९/ आपल्याकडे गावांच्या नावांच्या व्युत्पत्तीही अशाच छातीठोकपणे सांगितल्या जातात. ध्वनिसाम्य दिसले की कथा रचली जाते. अशी कथा पुढे पाठवण्यापूर्वी एकच प्रश्न विचारावा : मधला दुवा कोठे आहे? तो नसेल, तर ‘ठाऊक नाही’ हेच इतिहासाच्या अभ्यासकाचे प्रामाणिक उत्तर.