नोकरीवर रुजू झाल्यानंतरचे स्तनपान

प्रसूती रजा संपली की स्तनपानही संपते, असा समज अनेक घरांत रूढ आहे. तो खरा नाही. बाळाला पहिले सहा महिने केवळ आईचे दूध द्यावे आणि त्यानंतर पूरक आहारासोबत दोन वर्षांपर्यंत किंवा त्याहूनही अधिक काळ स्तनपान सुरू ठेवावे, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे.

रजेचा हिशेब
प्रसूती लाभ अधिनियम, १९६१ मधील २०१७ च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठीची सवेतन रजा १२ आठवड्यांवरून २६ आठवडे करण्यात आली. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही ही तरतूद कायम आहे. यांपैकी जास्तीत जास्त आठ आठवडे प्रसूतीपूर्वी घेता येतात. ते सर्व वापरल्यास बाळ जेमतेम चार महिन्यांचे असतानाच आईला कामावर परतावे लागते. म्हणूनच रजेची आखणी करताना बाळाच्या पहिल्या सहा महिन्यांचा विचार करणे आवश्यक ठरते.

कामाच्या ठिकाणचे हक्क
बाळ १५ महिन्यांचे होईपर्यंत नेहमीच्या विश्रांतीखेरीज स्तनपानासाठी दररोज दोन वेळा सुटी घेण्याचा हक्क मातेला आहे. ५० किंवा अधिक कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघराची सोय बंधनकारक असून विश्रांतीची वेळ धरून दिवसातून चार वेळा मातेला तेथे जाता येते.

दूध काढणे व साठवणे
जितके दूध बाहेर पडते, तितके नवे तयार होते. त्यामुळे कामाच्या वेळेत साधारणपणे दर तीन तासांनी दूध काढावे. अन्यथा स्तनांत गाठी येऊन वेदना होतात आणि दूधही हळूहळू कमी होते. रुजू होण्याच्या दोन आठवडे आधीपासून याचा सराव करावा. हात स्वच्छ धुऊन झाकणाच्या निर्जंतुक भांड्यात दूध काढावे. २५ अंश सेल्सिअसपर्यंतच्या तापमानात ते चार तास, तर फ्रीजमध्ये चार दिवस टिकते. आपल्याकडील उन्हाळ्यात ते लगेच थंड जागी ठेवणेच श्रेयस्कर. हे दूध उकळू नये. भांडे कोमट पाण्यात ठेवून गरम करावे आणि बाटलीऐवजी वाटी-चमच्याने पाजावे. घरी असताना, विशेषतः रात्री, बाळाला अंगावरच पाजल्यास दुधाचे प्रमाण टिकून राहते.

कायद्याबाहेरच्या माता
दहापेक्षा कमी कर्मचारी असलेली दुकाने, शेतमजुरी आणि घरकाम यांत राबणाऱ्या बहुसंख्य स्त्रियांना ही सवेतन रजा मिळत नाही. प्रधानमंत्री मातृवंदना योजनेतून पात्र मातांना पहिल्या अपत्यासाठी ५,००० रुपये, तर दुसरे अपत्य मुलगी असल्यास ६,००० रुपये मिळतात. परंतु त्यातून सहा महिन्यांची मजुरी भरून निघत नाही. अशा मातांच्या बाबतीत बाळाला कामाच्या ठिकाणाजवळ सांभाळणारे माणूस आणि दूध पाजण्यापुरती मोकळीक देणारा मालक, यांवरच स्तनपान अवलंबून राहते.